एका लेखापुरता फोटो हवाय, वर्षभराची वर्गणी नको

प्रश्न : मी घरी साबण तयार करून विकते आणि त्वचेच्या काळजीवर ब्लॉग लिहिते. महिन्याला दोन-तीन लेख होतात. आतापर्यंत गुगलवर सापडेल तो फोटो लावत आले. मागच्या आठवड्यात एका फोटो एजन्सीच्या नावानं ईमेल आला : तीन वर्षांपूर्वीच्या लेखातला फोटो आमच्या मालकीचा आहे, इतके पैसे भरा. मी घाबरून तो फोटो लेखातून काढून टाकला. आता उत्तर द्यायचं का? यापुढे फोटो रीतसर घ्यायचे ठरवलंय, पण महिन्याची वर्गणी परवडणारी नाही. एका वेळच्या वापराचा स्वस्त परवाना मिळतो म्हणतात, तो कसा घ्यायचा? सध्या तीन फोटो हवेत : मुरमांवरच्या लेखासाठी तरुणीचा चेहरा, नव्या लॅव्हेंडर साबणाच्या लेबलसाठी फुलं आणि साबणाच्या इतिहासावरच्या लेखासाठी जुन्या कारखान्याचं चित्र. – एक वाचक

उत्तर : आधी त्या ईमेलचं पाहू, कारण त्याला मुदत असते.

त्यातल्या लिंकवर क्लिक करू नका आणि जोडलेली फाईल उघडू नका. ‘तुम्ही आमचे फोटो चोरलेत, पुरावा इथे पाहा’ असं सांगून संगणकात घातक सॉफ्टवेअर घुसवण्याचे प्रकार होतात. वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्ममधून असे संदेश पाठवणाऱ्या एका टोळीबद्दल मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये इशारा दिला होता. एजन्सीचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, तिथला अधिकृत ईमेल शोधा आणि प्रकरण क्रमांक देऊन विचारा की हे पत्र तुमचंच आहे का. खऱ्या नोटिशीत बहुतेक वेळा तुमच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट, पानाचा पूर्ण पत्ता आणि मूळ फोटोचा क्रमांक असतो. यातलं काहीच नसेल तर संशय घ्यायला जागा आहे.

नोटीस खरी निघाली तर गप्प बसू नका आणि घाईनं पैसेही भरू नका. पहिलं उत्तर दोन ओळींचं पुरे : पत्र मिळालं, तपासत आहोत, पुढील कागद पाठवा. मागायचे कागद हे : फोटोची मालकी किंवा वसुलीचा अधिकार सिद्ध करणारा पुरावा, फोटो पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झाला ते, आणि तुमच्यासारख्या वापराला त्या काळात परवाना किती रुपयांना, डॉलरला किंवा जे काही चलन असेल त्यात मिळत होता ते. हा शेवटचा आकडा फार कामाचा आहे. मागणी त्याच्या अनेक पट असेल तर तडजोडीची बोलणी तिथूनच सुरू होतात. छोटा व्यवसाय, कमी वाचक, फोटो लगेच काढला, या गोष्टी सभ्य भाषेत मांडल्या की बऱ्याचदा रक्कम खाली येते. ठरेल ते लेखी घ्या आणि ‘या फोटोच्या आजवरच्या वापराबद्दल आता कोणतंही देणं उरलेलं नाही’ असं वाक्य त्यात असू द्या. रक्कम मोठी असेल किंवा पत्र वकिलाचं असेल, तर उत्तर पाठवण्याआधी आपणही वकिलाला दाखवा.

दोन गैरसमज इथेच दूर करू. फोटो काढून टाकल्यानं मागची तीन वर्षं पुसली जात नाहीत. आणि आज त्याच फोटोचा परवाना विकत घेतला तरी तो आजपासून लागू होतो, मागच्या वापराला नाही. मागच्या काळासाठी वेगळा लेखी परवाना किंवा तडजोड लागते.

तुम्ही फोटो ‘लेखातून’ काढला म्हणता. तो सर्व्हरवर अजून असण्याची शक्यता दाट आहे. वर्डप्रेसमध्ये एक फोटो चढवला की त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती आपोआप तयार होतात आणि लेखातून फोटो उडवला तरी या फाईली आपापल्या पत्त्यावर उघडत राहतात. शोध घेणाऱ्या यंत्रणा पानाबरोबर फाईलचाही पत्ता नोंदवतात, त्यामुळे ‘फोटो अजून दिसतोय’ असं दुसरं पत्र येतं. आधी पुराव्यासाठी पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मग मीडिया लायब्ररीत जाऊन ती फाईल ‘कायमची हटवा’, कॅशे (साइटनं साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामी करा, सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) वापरत असाल तर तिथलीही, आणि फोटोचा थेट पत्ता खासगी विंडोत उघडून पाहा. तो उघडायला नको.

आता परवान्याकडे वळू. तुम्ही ज्याला एका वेळच्या वापराचा परवाना म्हणताय, त्या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि घोळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे *सुटा रॉयल्टी-फ्री फोटो*. पैसे एकदा द्यायचे, वर्गणी नाही. त्यानंतर तोच फोटो मुदतीच्या बंधनाशिवाय लेखात, न्यूजलेटरमध्ये, पत्रकावर पुन्हा पुन्हा वापरता येतो. नाव काहीही असलं तरी तो फुकट नसतो आणि त्याला अटीही असतात. मात्र तुमच्यासाठी तो एकट्याचा नसतो. उद्या दुसरा साबणवाला तोच फोटो घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे *राइट्स-मॅनेज्ड*, खऱ्या अर्थानं एका वापराचा परवाना. इथे किंमत ठरते ती तुम्ही सांगाल त्या वापरावर : कुठे, किती मोठा, किती काळ, किती प्रती, कोणत्या देशांत, आणि इतरांना तो फोटो द्यायचा नाही अशी अट हवी का. एके काळी दर्जेदार स्टॉक फोटो, म्हणजे विक्रीसाठी तयार ठेवलेले फोटो, असेच विकले जात. २००० साली सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोसारख्या स्वस्त साइट्सनी हे गणित बदललं, आणि २०१९ मध्ये गेटी इमेजेस या मोठ्या फोटो एजन्सीनेही आपल्या क्रिएटिव्ह (जाहिरातींसारख्या कामाच्या फोटोंच्या) संग्रहातून राइट्स-मॅनेज्ड पद्धत टप्प्याटप्प्यानं काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. बातम्यांचे, ऐतिहासिक आणि विशेष विषयांचे फोटो मात्र आजही असे मिळतात. अलामी या फोटो विकणाऱ्या साइटवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात.

आमचं स्पष्ट मत : तुमच्यासारख्या ब्लॉगला बहुतेक वेळा सुटा रॉयल्टी-फ्री फोटोच परवडतो. ब्लॉगवरचा लेख वर्षानुवर्षं जागेवर राहतो. एक वर्षाचा परवाना घेतला की पुढच्या वर्षी एक तर नूतनीकरण करायचं, नाही तर आठवणीनं फोटो काढून टाकायचा. हे विसरलं जातं, आणि मुदत संपलेला फोटो विनापरवाना फोटोइतकाच अडचणीचा ठरतो. खरा एका वापराचा परवाना शोभतो तो ठरावीक तारखेच्या कामाला : एका प्रदर्शनाचं पत्रक, एका महिन्याची जाहिरात, एकदाच जाणारं न्यूजलेटर. किंवा मग फोटो असा हवा की त्याला पर्यायच नाही.

राइट्स-मॅनेज्ड फोटोचा किंमत-फॉर्म भरताना एका खणावर बहुतेकांचा पाय घसरतो. वापर कोणता, ‘संपादकीय’ (बातमी-माहितीसाठी) की ‘व्यावसायिक’ (विक्री-जाहिरातीसाठी)? संपादकीय पर्याय स्वस्त दिसतो आणि लेखच तर आहे म्हणून माणूस तोच निवडतो. पण तुमच्या ब्लॉगच्या शेजारी तुमचं दुकान आहे आणि लेखात साबणाची लिंक आहे, म्हणजे तो लेख विक्रीला हातभार लावतो. अशा वेळी व्यावसायिक हाच पर्याय निवडायचा. चुकीच्या खणात टिक करून घेतलेला परवाना, पैसे भरूनही, तुमच्या वापराला लागू होत नाही. शंका असेल तर विक्रेत्याला वापराचं वर्णन लिहून विचारा आणि त्याचं उत्तर पावतीसोबत ठेवा.

याच फॉर्ममध्ये ‘एक वेबसाइट’ असं लिहिलं असेल, तर लेखाची लिंक सोशल मीडियावर टाकल्यावर आपोआप दिसणारं छोटं चित्र, न्यूजलेटरमधली प्रत आणि लेख दुसऱ्या साइटनं पुनर्प्रकाशित केला तर तिथली प्रत, हे तिन्ही त्यात धरलंय का ते वाचा. पहिलं अनेकदा चालतं. दुसऱ्यासाठी अनेकदा वेगळा खण असतो. तिसरं जवळपास कधीच चालत नाही, कारण परवाना तुमच्या नावावर आहे, त्या दुसऱ्या साइटच्या नाही.

वर्गणी घ्यायची की सुटे फोटो, याचा हिशेब दोन ओळींचा आहे. महिन्याच्या वर्गणीला एका सुट्या फोटोच्या किमतीनं भागा. उत्तर चार आलं, तर महिन्याला चारपेक्षा जास्त फोटो *खरोखर वापरणाऱ्यालाच* वर्गणी फायद्याची. डाउनलोड किती मिळतात तो आकडा इथे धरायचा नाही, वापर किती होतो तो धरायचा. शिवाय महिन्याचा म्हणून दाखवलेला दर बऱ्याचदा वर्षभराच्या कराराचा असतो आणि मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या पैशांतला काही हिस्सा भरावा लागतो. ‘कधीही रद्द करा’ असं लिहिलेलं नसेल तर रद्द करण्याचा नियम आधी शोधा.

मधला मार्ग म्हणजे पाच-दहा फोटोंचं पॅक किंवा क्रेडिट, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेले गुण. प्रत्येक फोटो सुट्यापेक्षा स्वस्त पडतो, पण या पॅकलाही मुदत असते, साधारणपणे वर्षाची, आणि उरलेली क्रेडिट बुडतात. म्हणून पॅक आधी घेऊन मग फोटो शोधत बसू नका. लेखांची यादी करा, लागतील ते फोटो साइटवरच्या लाइटबॉक्समध्ये (निवडलेल्या फोटोंच्या यादीत) जमवा, पाच जमले की पॅक घ्या आणि त्याच दिवशी फोटो डाउनलोड करून घ्या. महिन्याला दोन-तीन लेख असले तरी प्रत्येकाला विकतचा फोटो लागत नाही. तुमच्या साबणाचे, साच्यांचे, कापणीचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात फोननं काढा. ते वाचकाला कुठल्याही स्टॉक फोटोपेक्षा जास्त पटतात. मग वर्षाचं एक छोटं पॅक पुरायला हरकत नाही.

आकारानुसार किंमत असेल तिथे मोठी फाईल घेऊन पैसे घालवू नका. लेखाचा रकाना साधारण ७५० पिक्सेल रुंद असेल, तर बारीक पिक्सेलच्या पडद्यांसाठी दुप्पट, म्हणजे १५०० पिक्सेल पुरतात. त्याहून मोठी मूळ फाईल साइटवर चढवणं दोन कारणांनी चूक आहे : पान जड होतं, आणि पूर्ण आकाराची फाईल लोकांना उतरवता येईल अशी ठेवू नये अशी अट अनेक परवान्यांत असते. आधी आपल्या संगणकावर लहान करा, मग चढवा. वॉटरमार्क असलेली नमुना प्रत फक्त मांडणी करून बघण्यासाठी असते. ‘तात्पुरती लावते’ म्हणून ती प्रसिद्ध करायची नाही.

आता तुमचे तीन फोटो.

चेहरा. तिघांत सगळ्यात नाजूक हाच आहे. ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो व्यवसायासाठी वापरायचा तर त्या व्यक्तीचं लेखी संमतिपत्र, म्हणजे मॉडेल रिलीज, हवं. साइटवर फोटोच्या तपशिलात ते असल्याची नोंद असते. ‘एडिटोरियल यूज ओन्ली’ (फक्त संपादकीय वापरासाठी) असा शिक्का असेल तर तो फोटो तुमच्या कामाचा नाही. संमती घेतलेली नसल्यामुळे किंवा एखादा ब्रँड दिसत असल्यामुळे तो जाहिरातीला चालत नाही. शोधताना फिल्टरमध्ये हे फोटो आधीच वगळा.

संमतिपत्र असलं तरी प्रश्न संपत नाही. आजार, व्यसन, मानसिक त्रास अशा नाजूक विषयाशी मॉडेलचा चेहरा जोडायला बहुतेक परवाने एक तर मनाई करतात किंवा फोटोखाली खुलासा मागतात. तुमच्या लेखात या मुलीला मुरमं आहेत असं सुचवलं जाणार आहे, तेव्हा तो नियम वाचा आणि फोटोखाली ‘छायाचित्र प्रतीकात्मक, छायाचित्रातील व्यक्ती मॉडेल आहे’ ही ओळ घाला. दोन गोष्टी मात्र कुठल्याच परवान्यात बसत नाहीत. त्या चेहऱ्याशेजारी ‘मला या साबणानं फरक पडला’ असं वाक्य टाकणं, म्हणजे तिच्या तोंडी न बोललेली साक्ष घालणं. आणि फोटोतले डाग पुसून आधी-नंतरची जोडी बनवणं. दुसऱ्यात तर गिऱ्हाईकाची उघड फसवणूक आहे.

आम्ही तुमच्या जागी असतो तर चेहरा टाळला असता. गालाचा किंवा कपाळाचा जवळून घेतलेला, व्यक्ती ओळखू न येणारा फोटो किंवा त्वचेच्या थरांचं साधं रेखाचित्र घ्या. मुरूम कसा तयार होतो हे समजावायला रेखाचित्रच जास्त उपयोगी पडतं.

लॅव्हेंडर. लेबल म्हणजे छपाई आणि वेष्टन, म्हणून लोक घाबरून सरळ महागडा एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव हक्कांचा परवाना घेतात. थोडं थांबा. अनेक मोठ्या साइट्सवर साधा रॉयल्टी-फ्री परवाना वेष्टनालाही चालतो, मर्यादा असते ती प्रतींची. ॲडोबी स्टॉक, शटरस्टॉक आणि आयस्टॉक यांच्या साध्या परवान्यात ती ५ लाख प्रतींची आहे. घरगुती व्यवसायाला ती पुरून उरते. एक्स्टेंडेड परवाना लागतो तेव्हा, जेव्हा गिऱ्हाईक वस्तू मुख्यतः त्या चित्रासाठी घेतं : पोस्टर, मग, टी-शर्ट, कॅलेंडर, शुभेच्छापत्र. साबण लोक साबणासाठी घेतात, लेबलवरच्या फुलासाठी नाही. तरीही निवडलेल्या साइटच्या परवान्यात ‘पॅकेजिंग’ हा शब्द शोधून ते वाक्य वाचा. काही साइट्सचा सर्वात स्वस्त पर्याय फक्त वेबपुरता असतो आणि तो लेबलला चालत नाही.

स्टॉक फोटोचा लोगो किंवा ट्रेडमार्क करता येत नाही. एक्स्टेंडेड परवाना घेतला तरी नाही. जो फोटो कुणीही घेऊ शकतो त्यावर तुमची एकट्याची ओळख नोंदवता येणार नाही, हे त्यामागचं कारण. तेव्हा लॅव्हेंडर लेबलच्या पार्श्वभूमीला ठेवा आणि तुमच्या नावाचं चिन्ह वेगळं काढून घ्या.

पिक्सेलचा हिशेब असा. लेबल ६ × ९ सेंटिमीटरचं असेल, तर कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त घ्यायचे. झाले ६.६ × ९.६ सेंटिमीटर. छपाईला इंचाला ३०० बिंदू धरले की साधारण ७८० × ११३४ पिक्सेल लागतात. मात्र फोटो आडवा असेल आणि त्यातला उभा तुकडा कापायचा असेल, तर मूळ फोटोची *उंची* ११३४ पिक्सेल किंवा जास्त हवी. तुलनेला ए-४ पत्रक पाहा : पानभर फोटोला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. एवढ्याशा लेबलसाठी सर्वात मोठी फाईल घ्यायचं काही कारण नाही.

जांभळ्या रंगाची एक अडचण हमखास येते. पडद्यावरचा तजेलदार जांभळा चार शाईंच्या छपाईत मळकट निळा उतरतो, कारण तो रंग त्या शाईंच्या आवाक्यात पूर्ण बसत नाही. फोटो निवडल्यावर डिझायनरकडून सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) रूपांतर करून घ्या, शक्यतो त्याच कागदावर एक नमुना छापून बघा आणि मगच पूर्ण संख्येची ऑर्डर द्या. छापखान्याला फाईल देणं परवान्यात बसतं, पण त्या कामापुरतं. छापखान्यानं ती ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरली तर ते बसत नाही.

पैसे भरण्याआधी तो फोटो टिनआय किंवा गुगल लेन्सवर टाकून उलट शोध घ्या, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते बघा. आणखी चार साबणांच्या वेष्टनावर तोच दिसला तर दुसरा शोधा. एआयनं केलेली चित्रं वगळायचा फिल्टर असेल तर तोही लावा. अशा चित्रांत लॅव्हेंडरच्या देठावर भलत्याच झाडाची पानं येतात आणि वनस्पती ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ते लगेच लक्षात येतं. खरं सांगायचं तर लेबल हा वर्षानुवर्षं चालणारा तुमच्या मालाचा चेहरा आहे. पैसे खर्च करायचेच तर इथे करा : एखाद्या छायाचित्रकाराकडून किंवा चित्रकाराकडून स्वतंत्र फूल करून घ्या आणि हक्क लेखी घ्या.

जुना कारखाना. यासाठी बहुधा पैसेच लागणार नाहीत. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात जुने औद्योगिक फोटो भरपूर आहेत. तिथे फोटोच्या नोंदीत हक्कांविषयी एक ओळ असते. ‘प्रकाशनावर ज्ञात निर्बंध नाहीत’ अशा अर्थाची असेल तो फोटो निवडा. स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालयसमूहानं २०२० मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ मध्ये लाखो चित्रं सीसी-झीरोखाली, म्हणजे कुठल्याही वापराला मोकळी केली. विकिमीडिया कॉमन्सवरही मिळेल, पण तिथे प्रत्येक फाईलचा परवाना वेगळा असतो, म्हणून फाईलचं पान उघडून वाचा. अशी हक्कमुक्त चित्रं काही एजन्सी पैसे घेऊनही विकतात. ते बेकायदा असतंच असं नाही. तुम्हीच मूळ संग्रह आधी पाहायचा.

मोफत फोटोंच्या साइट्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या समोर येणारच. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांचा वापर जरूर करा, फक्त काही मर्यादा ध्यानात ठेवून. फोटो चढवणारा माणूसच त्याचा मालक आहे आणि त्यातल्या व्यक्तीची संमती आहे, याची हमी तिथे सहसा मिळत नाही. विकतच्या साइट्सवर हक्काचा वाद निघाला तर ठरावीक रकमेपर्यंत विक्रेता जबाबदारी घेतो. खरं तर तुम्ही पैसे देता ते मोठ्या प्रमाणात यासाठीच. शिवाय अटी बदलतात : अनस्प्लॅशनं २०१७ मध्ये आणि पिक्साबेनं २०१९ मध्ये सीसी-झीरो सोडून स्वतःचे परवाने लागू केले. म्हणून मोफत फोटोचीही उतरवल्याची तारीख लिहून ठेवा. पानं, लाकूड, पाणी, पोत अशा निरुपद्रवी गोष्टींसाठी या साइट्स उत्तम आहेत. चेहरे, ब्रँड, खासगी इमारती आणि लेबल यांसाठी नकोत.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी), म्हणजे मालकानं ठरावीक अटींवर वापराला मोकळ्या केलेल्या फोटोंत तुम्हाला फक्त सीसी-झीरो आणि ‘बाय’ हे दोन घ्यायचे आहेत. ‘एनसी’ असलेला, म्हणजे व्यावसायिक वापर वर्ज्य असलेला फोटो साबणाच्या दुकानाला चालत नाही. ‘एनडी’ असेल तर फेरफार करून प्रसिद्ध करता येत नाही. ‘बाय’ मध्ये श्रेय पूर्ण द्यावं लागतं. ‘सौजन्य : इंटरनेट’ हे श्रेय नव्हेच. ओळ अशी हवी : *‘फोटोचं नाव’, छायाचित्रकाराचं नाव, मूळ पानाची लिंक, परवाना सीसी बाय ४.० (लिंक), कापून लहान केला आहे.*

परवान्याची आवृत्तीही पाहा. ४.० मध्ये श्रेयातली चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर हक्क परत मिळतो. २.० सारख्या जुन्या आवृत्त्यांत ही सवलत नाही, चूक झाली की परवाना तिथेच संपतो. काही लोक मुद्दाम जुन्या आवृत्तीखाली फोटो मोकळे सोडतात आणि श्रेयात एक लिंक राहिली तरी पैशांची मागणी करतात. २.० दिसलं आणि पर्याय असला, तर पर्याय घ्या.

कधी एखादा फोटो मनात भरतो आणि तो कुठल्याच साइटवर विकायला नसतो. तेव्हा छायाचित्रकाराला थेट लिहा. एका वापराचा परवाना सर्वांत स्वस्तात इथेच मिळण्याची शक्यता असते, कारण मध्ये एजन्सीचा वाटा नसतो. मालक शोधायला गुगल इमेजेसमध्ये वापराच्या हक्कांचा फिल्टर आहे, आणि २०२० पासून ज्या फोटोंची परवाना-माहिती मालकानं दिली आहे त्यांच्यावर तशी खूण दिसते. पत्र मोघम नको :

*‘नमस्कार. आपल्या साइटवरील (लिंक) हे छायाचित्र मला माझ्या (साइटचं नाव) या व्यावसायिक ब्लॉगवरील एका लेखात वापरायचं आहे. आकार जास्तीत जास्त १५०० पिक्सेल रुंद. मुदत : लेख साइटवर आहे तोपर्यंत, तसं शक्य नसल्यास ५ वर्षं. त्याच लेखाच्या सोशल मीडियावरील लिंकसोबत दिसणारं लहान चित्र यात धरावं. अनन्य हक्क नको. श्रेय आपण सांगाल तसं देईन. माझी तरतूद (रक्कम) एवढी आहे. चालत असल्यास उत्तरात होकार, पावती आणि छायाचित्र आपणच काढल्याचं एक वाक्य कळवावं. छायाचित्रात व्यक्ती असल्यास त्यांचं संमतिपत्र आहे का, तेही कळवावं.’*

रक्कम आधीच लिहिलेली बरी. ‘किती घ्याल?’ या प्रश्नाला उत्तरच येत नाही, नाही तर मोठ्या कंपनीचा दर येतो. ‘पैसे नाहीत पण श्रेय देईन’ असं मात्र व्यवसायाच्या कामासाठी लिहू नका; तुमच्या साबणाच्या बदल्यात कुणी कौतुक देऊ केलं तर ते तुम्हालाही चालणार नाही.

घेतलेल्या प्रत्येक फोटोची नोंद एका साध्या स्प्रेडशीटमध्ये करा : फाईलचं नाव, फोटोचा क्रमांक, कुठून घेतला, तारीख, परवान्याचा प्रकार, कुठे कुठे वापरला, मुदत कधी संपते. सोबत एका फोल्डरमध्ये पावती आणि त्या दिवशीच्या परवान्याच्या मजकुराची पीडीएफ प्रत. साइटची लिंक साठवून भागत नाही, मजकूर बदलतो. फाईलच्या नावात फोटोचा क्रमांक तसाच राहू द्या. ‘लॅव्हेंडर-फायनल-२’ असं नाव दिलं की दोन वर्षांनी पावती कुठली ते कळत नाही. मुदतीचा फोटो असेल तर संपण्याच्या ३० दिवस आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावा.

डिझायनरनं त्याच्या खात्यातून फोटो घेतला असेल तर परवाना कुणाच्या नावावर आहे ते आताच विचारा. त्यानं काम सोडल्यावर पावती मिळत नाही आणि नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येते. शक्यतो फोटो तुमच्याच खात्यातून घ्या आणि त्याला फक्त फाईल द्या. साइटच्या थीमसोबत आलेले नमुन्याचे फोटोही तपासा. अनेकदा त्यांचा परवाना थीम बनवणाऱ्यापुरता असतो आणि तुमच्या ‘आमच्याविषयी’ पानावर ते तसेच राहून गेलेले असतात.

गुगलवरून घेतलेले बाकीचे जुने फोटो एका बैठकीत निपटणार नाहीत. दुकानाची पानं आधी घ्या, मग सर्वाधिक वाचले जाणारे लेख, मग उरलेले. प्रत्येक फोटो उलट शोधात टाका. मालक सापडला आणि फोटो हवाच असेल तर परवाना घ्या. मालक सापडला नाही तर तो फोटो मीडिया लायब्ररीतून हटवा आणि त्या जागी तुमच्या साबणाचा फोटो लावा.